मंडळीचं घर

त्या रविवारचा धक्का माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही. कुणाला सांगायला बसले तर मध्येच हसू येतं, मध्येच रडू येतं आणि गोष्ट अर्धवट राहते. म्हणून म्हटलं, एकदाची लिहूनच काढावी. आमची उपासना ज्या घरात होते त्या घराची, आणि त्या घराचं दार उघडणाऱ्या किल्लीकाकूंची ही हकीकत.

आम्ही ख्रिस्ती माणसं आमच्या चर्चच्या जमावाला ‘मंडळी’ म्हणतो. मंडळीचा हॉल, मंडळीची सभा, मंडळीचे वडील. वडील म्हणजे कारभार बघणारी ज्येष्ठ माणसं. त्यांतले मुख्य वडील हे माझे सख्खे मामा. हा शब्द आमच्या तोंडी इतका बसलेला की मीठ म्हणावं तितक्या सहज आम्ही मंडळी म्हणतो. पुढचा सगळा घोटाळा ह्याच शब्दाने केला.

घर जुनं, दुमजली. एका बाजूला टायर पंक्चरचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. शांतपणे प्रार्थना चालू असताना भिंतीपलीकडून दात कोरण्याचं यंत्र सुरू होतं आणि सगळी मंडळी एकदम भक्तिभावाने डोळे मिटून घेते. घर बांधलं एका खराद्याने. फर्निचरच्या कारखान्यात लेथवर खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे असं कातकाम तो करायचा. स्वतः सहा फुटी, ताडमाड माणूस. पण घराची मापं अशी चुकवलेली की विचारू नका. दाराच्या पायऱ्या इतक्या बुटक्या की नवा माणूस हमखास अडखळतो. जिनाही तसाच. आतल्या खिडकीची कडी लावायला आमच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, चक्क कमरेत वाकावं लागतं. दाराची खिट्टी कमरेला, कपड्यांच्या खुंट्या छातीला. मामा दर नव्या पाहुण्याला सांगायचे, “माणूस देवभोळा होता, पण फूटपट्टी उलटी धरायचा.” सगळे हसायचे. मीही हसायचे.

खरादी जिवंत असताना मंडळीकडे स्वतःची जागा नव्हती. त्याने आपली पुढची खोली रविवारपुरती दिली. मग तो छातीच्या दुखण्याने गेला, आणि जाताना घरच मंडळीला देऊन गेला. त्यानंतर पुढची खोली आणि स्वयंपाकघर ह्यांमधली भिंत पाडून मोठा हॉल केला. जिथे स्वयंपाकाचा ओटा होता तिथे आता पाळक उभे राहून उपदेश करतात. समोरच्या भिंतीवर खराद्याचा फोटो, खाली लिहिलंय ‘ह्या घराचे दाते’.

आणि खराद्याची बायको? तीच किल्लीकाकू. घर गेल्यावर तिला मागची खोली राहायला मिळाली. खराद्याची लाकडं ठेवायची खोली ती. हवा ओली झाली की तिथे अजून भुशाचा वास येतो. काकू बुटक्या, एका गुडघ्याने लहानपणापासून अधू, जिभेने मात्र धडधाकट. गणवेश शिवणाऱ्या दुकानाची काजं-बटणं त्या घरी आणून करतात. खिडकीशी बसून काजं करताना त्यांची सुई दिसत नाही, नुसता हात हलताना दिसतो. बाकीचा वेळ घराचा. झाडणं, बाकं पुसणं, कुलूप उघडणं, कुलूप लावणं. आम्ही येत असू तेव्हा त्या दार उघडून बाजूला सरकायच्या आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. कधी कुणाला “या” म्हणाल्या नाहीत. मामा म्हणायचे, “जरा तुसडीच आहे बाई.”

एकदा मी त्यांना त्याबद्दल छेडलं होतं. म्हटलं, “काकू, आलेल्याला नुसतं ‘या’ म्हणायला काय जातं हो तुमचं?”

दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या, “‘या’ कोण म्हणतं पोरी? ज्याचं घर असतं तो. दुसऱ्याच्या घरात उभं राहून मी कशी म्हणू?”

मग बोलता बोलता त्यांनी नवरा गेला तो दवाखान्यातला दिवस सांगितला. आत एकाच माणसाला सोडत होते. त्या वेळचे पाळक प्रार्थनेला आत गेले, काकू दाराबाहेर उभ्या. थोड्या वेळाने पाळक डोळे पुसत बाहेर आले. म्हणाले, शेवटपर्यंत एकच सांगत होते, घर मंडळीचं आहे, घर मंडळीच्या नावावर करा. काकूंनी विचारलं, “आणि मला काय म्हणाले?” पाळक सरळ माणूस, खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणाले, “तुमचं नाव काही घेतलं नाही, बाई.”

“मग मी सह्या करून टाकल्या,” काकू म्हणाल्या. “मरणाऱ्याचा शब्द मोडायचा कसा? घराचं मला काही नाही गं. पण दाराच्या अलीकडे-पलीकडे होतो आम्ही. जाताना त्याला मंडळी आठवली. मी नाही आठवले.”

त्या एवढं बोलून पुन्हा काजाला लागल्या. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की हॉलमधली प्रत्येक वस्तू लखलखीत असते, फक्त त्या फोटोवर धूळ असते. विचारलं तर काकू म्हणायच्या, माझा हात पुरत नाही. पंखा पुसायला स्टुलावर चढतात त्या!

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी वडिलांच्या सभेत ठरलं की हे घर विकायचं. मंडळी वाढली, बाकं पुरेनात, पलीकडच्या वस्तीत मोठा हॉल मिळत होता. काकूंसाठी म्हाताऱ्या बायकांच्या आश्रमात एक खाट बघून ठेवली होती. मामा ते इतक्या प्रेमाने सांगत होते की जणू काकूंना सहलीला पाठवायचंय.

मी काकूंकडे गेले तेव्हा त्यांना खबर लागलेली होती. ज्या हाताची सुई दिसत नाही तो हात मांडीवर नुसता पडला होता.

“माझ्या खोलीचं नक्की ठरलं?” त्यांनी विचारलं.

“ठरल्यासारखंच आहे,” मी म्हटलं.

“मला इथून हलायचं नाही, पोरी. झाडून घेईन, कोपऱ्यात पडून राहीन. पण मला ह्या घरातून काढू नका म्हणावं. सांगशील का मामाला?”

ज्या बाईने आयुष्यात कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही, ती हे म्हणत होती. मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, “अगं, घर विकल्यावर खोली कशी शिल्लक राहणार? ती काय खिशात घालून न्यायची?” व्यवहार त्यांच्या बाजूने होता, म्हणून तर मला जास्त राग आला.

घर सोडण्याआधी निरोपाची एक उपासना ठेवायची आणि तिच्यात ह्या घराचा इतिहास सांगायचा असं ठरलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे ज्या भाषणाला कुणी तयार नसतं ते माझ्या गळ्यात पडतं. मी चौकशी सुरू केली. काकूंना विचारवेना, आणि त्या सोडून खराद्याला ओळखणारं मंडळीत आता कुणी उरलं नव्हतं. शेवटी जुन्या कारखान्याच्या आसपास विचारत गेले तेव्हा त्याच्याच शेजारी काम करणारे एक पॉलिशवाले आजोबा सापडले. खरादी आजारी पडण्याआधीच ते कामासाठी परगावी गेले होते आणि आता म्हातारपणी मुलीकडे राहायला आले होते. आमच्या चर्चशी त्यांचा काही संबंध नाही. कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे जगच बहिरं आहे अशा आवाजात बोलतात. मी म्हटलं, तुमच्या मित्राबद्दल दोन शब्द बोला. आजोबा खूश.

त्या रविवारी हॉल गच्च भरला होता. आजोबा दारात अडखळले, पडता पडता वाचले, आणि शेवटच्या बाकावर काकूंना बघून ओरडले, “वहिनी! ओळखलं का?”

“न ओळखायला काय झालं, भाऊजी,” काकू म्हणाल्या. “विटा वाहायला यायचात आणि चहा सांडून जायचात.” त्या दिवशी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू दिसलं.

आधी मी बोलले. घर कसं बांधलं, भिंत कशी पाडली, सगळं सांगितलं. शेवटी आवाज जरा भारी करून खराद्याचे ते शब्द सांगितले, “घर मंडळीचं आहे, घर मंडळीच्या नावावर करा.” लोकांनी डोळे पुसले. काकू जमिनीकडे बघत होत्या. मी काय करतेय हे त्या क्षणी मला टोचलं, पण भाषणाच्या भरात माणूस थांबत नाही.

मग आजोबा उठले. माझं भाषण त्यांना किती ऐकू गेलं होतं देव जाणे.

“आम्ही सुट्टीच्या दिवशी इथे राबायचो,” ते गरजले. “मी म्हणायचो, अरे बाबा, एवढं घर कुणासाठी बांधतोस? तर म्हणायचा, मंडळीसाठी!”

टाळ्या! मामा तर उभेच राहिले. “बघा! पाया घातला तेव्हापासून माणसाच्या मनात मंडळीच होती!”

आजोबांना टाळ्यांनी चेव चढला. “पायऱ्या बघितल्यात का? मिस्त्री त्याच्याशी भांडला. म्हणाला, ह्या काय पायऱ्या आहेत, माणसं पडतील. हा म्हणाला, पडू देत. आमच्या मंडळीचा गुडघा अधू आहे, तिला पाय उचलायला त्रास होतो.”

टाळ्या झाल्या, पण जरा चाचरत. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, “म्हाताऱ्या माणसांचा विचार केला असेल बिचाऱ्याने.”

“आणि ती खिडकी! ती खिट्टी! स्वतः वाकून वाकून लावायचा, पण म्हणायचा, आमच्या मंडळीची उंची बेताची.”

आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक पोरगं फिस्सकन हसलं आणि त्याने आईची कोपरखळी खाल्ली. मला कसंतरीच व्हायला लागलं. कुणीतरी आपल्या घरातल्या भिंतीतून हात बाहेर काढावा तसं.

“मंडळी झोपेत बडबडते म्हणायचा,” आजोबा आपल्याच नादात सांगत होते. “मामलेदारीण आहे म्हणायचा, झोपेतसुद्धा हुकूम सोडते! डब्यात काही विशेष असलं की आम्हाला झाकण उघडून दाखवायचा. आमच्या मंडळीच्या हाताला चव आहे, म्हणायचा. आणि मंडळी रुसली की त्याचं कामात लक्ष नाही. एकदा बोट कापून घेतलंन.”

पाळक तरुण आहेत आणि दुसऱ्या गावचे आहेत. ते हळूच उठून आजोबांच्या कानाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, “आजोबा, कुठली मंडळी?”

आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. “कुठली म्हणजे? एकच तर होती त्याला! ह्या काय, दाराशी बसल्यात!”

दातांचं यंत्र बंद होतं, पंक्चरवाल्याचा हातोडा बंद होता. मामांचं तोंड उघडं राहिलं होतं आणि ते मिटायचं त्यांना सुचत नव्हतं. मी लहान असताना शेजारचे एक म्हातारे गृहस्थ म्हणायचे ते मला एकदम आठवलं: “आमची मंडळी माहेरी गेलीय.” जुन्या पुरुषांना चारचौघांत ‘बायको’ म्हणायची लाज. कुणी ‘कुटुंब’ म्हणायचं, कुणी ‘आमच्या घरात’, कुणी ‘मंडळी’. मी भाषा शिकवते हो! आणि इतकी वर्षं तो शब्द कानाशी घेऊन बसले होते.

घर मंडळीचं आहे. घर मंडळीच्या नावावर करा.

त्या दवाखान्यात धाप लागलेला एक माणूस त्याला येत होतं तेवढंच बोलला होता, आणि पाळकांच्या कानांनी ते पाळकांसारखं ऐकलं. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. कुणी लबाडी केली असती तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

काकू उभ्या राहिल्या होत्या. बाकाची पाठ घट्ट धरून.

“भाऊजी, परत सांगा. मला काय म्हणायचा तो?”

आजोबांना वाटलं ह्यांनाही कमी ऐकू येतं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून सांगितलं, “मंडळी! आमची मंडळी!”

“कधी? माझ्यासमोर तर कधी नाही म्हणाला. ‘ऐकलंस का’ म्हणायचा नुसता.”

“तुमच्यासमोर कसा म्हणेल, वहिनी? आमच्यात म्हणायचा. दिवसभर तेच चालायचं त्याचं. आम्ही कंटाळायचो.”

काकू चालत पुढे आल्या. त्यांना वाट द्यायला माणसं पाय आखडून घेत होती. त्या फोटोखाली थांबल्या आणि वर बघून जे बोलल्या ते सगळ्या हॉलने ऐकलं.

“मेल्या, एकदा तरी मला म्हणायचंस. एकदा! इतकी वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडली मी. तुझ्याकडे बघितलं नाही. आता ते कुणाकडून परत घेऊ?”

मग त्यांना रडू कोसळलं. काकूंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी जागेवरून उठले, पण जवळ जायची छाती होईना.

मामांनी घसा साफ केला. माझे मामा वाईट नाहीत, पण अशा वेळी गप्प बसणं त्यांना जमत नाही. “झालं ते फार वाईट झालं,” ते म्हणाले. “पण कागद सगळे रीतसर आहेत. बाईंनी स्वतः सह्या केल्यात, म्हणजे कायद्याने पाहिलं तर...”

“मामा, बसा!” मी ओरडले. भर उपासनेत. मामांना असं मी जन्मात बोलले नव्हते, आणि ते बसलेही.

काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, चढल्या, फोटो खिळ्यावरून उतरवला. पदराने काच पुसली. एकदा पुसली, परत पुसली, तोंडाची वाफ देऊन अजून एकदा पुसली. फोटो छातीशी धरून त्या मागच्या खोलीत निघून गेल्या. घराबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. भिंतीवर फोटोएवढा पांढरा चौकोन राहिला आणि त्याच्या खाली ‘ह्या घराचे दाते’.

उपासना पुरी झालीच नाही. पाळक वेदीशी उभे होते, म्हणजे काकूंच्या ओट्याशी. त्यांनी त्या बुटक्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “चुकीच्या अर्थाने घेतलेल्या शब्दावर मिळालेलं घर मी विकू शकत नाही. ज्यांना विकायचं असेल त्यांनी आधी मला काढावं.” त्यांना काढायला कुणी उठलं नाही. वडिलांची सभा तिथेच उभ्या उभ्या झाली आणि मामांनीही हात वर केला. जरा उशिरा केला, पण केला.

पाळक आणि मी काकूंना सांगायला गेलो, की घर परत तुमच्या नावावर करून देतो, विक्री रद्द. त्या फोटो समोर ठेवून काजं करत होत्या, आणि दारात एक खुर्ची टाकून आजोबा अजून काय काय सांगत बसले होते.

“बरं,” काकू म्हणाल्या. आणि आजोबांकडे वळून, “हं, पुढे? बोट कापलं तेव्हा काय म्हणाला?”

एवढंच. त्यांचा राग आहे की नाही, पुढे आम्ही कुठे जायचं, काही कळेना. त्या आठवड्यात कुणालाही विचारायचा धीर झाला नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?

पुढचा रविवार आला. आम्ही सगळे नेहमीप्रमाणे निघालो आणि घरासमोर येऊन थबकलो. दार बंद होतं. मला आठवतं तेव्हापासून त्या वेळेला ते दार कधी बंद नव्हतं. बाहेर कुलूप नव्हतं, म्हणजे आतून लावलं होतं. हळूहळू सगळी माणसं रस्त्यावर जमली. टायरवाला हातातलं काम टाकून बघायला लागला. म्हाताऱ्या बायका दवाखान्याच्या ओट्यावर टेकल्या. काकूंनी आम्हाला बाहेर काढलं होतं, आणि त्यांना नावं ठेवायला आम्हाला जागा नव्हती.

“संपलं,” मामा हळूच म्हणाले. “आणि बरोबरच आहे तिचं.”

मामांच्या तोंडून हे ऐकून मला आदल्या रविवारइतकाच धक्का बसला.

“दार तरी वाजवून बघू,” पाळक म्हणाले. घंटी शोधली, तर घंटीच नाही. आमच्यापैकी कुणी ह्या दारावर कधी थाप मारली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. पाळकांनी बोटांनी हळूच टकटक केलं, परक्या घरी करतात तसं.

आत पावलं वाजली. एक पाऊल जड, एक हलकं. कमरेच्या उंचीची ती खिट्टी सरकली.

काकू दारात उभ्या होत्या. बाजूला सरकल्या नाहीत. दाराच्या मधोमध, दोन्ही हात चौकटीला लावून, सगळ्यांच्या तोंडांकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं. मग हात खाली घेतले.

“या मंडळी, या,” त्या म्हणाल्या. “जपून हं. पायऱ्या माझ्या मापाच्या आहेत.”